दिगंबरा की सालंकृता

शुक्रवार, २२ जून

मुंधिर गाडी बदलतोय! जुनी विकूनसुद्धा टाकली. ईदचा हलवा द्यायला म्हणून आला आणि डोक्यावरची नक्षीची टोपी काढ-घाल करत अर्धा तास बसून राहिला. शेवटी म्हणाला, "उस्ताद, दोन बघून ठेवल्यात. एक कवचाची, एक बिनकवचाची. झोप उडालीय."

पन्नाशी उलटलेली. बंदरातली नोकरी आपण होऊन सोडलेली. घर स्वतःचं, मूलबाळ नाही. अशा माणसाची झोप उडवायला दोन मोटारसायकली पुरतात. मस्कतमध्ये सुखाचं मोजमाप अजून तरी असं आहे.

पुढच्या महिन्यात आमचा शुक्रवारचा मोटारसायकलींचा तांडा सलालाला निघेल, सालाबादप्रमाणे. तिकडे धुकं आणि हिरवे डोंगर. मध्ये मात्र हजार किलोमीटर नुसतं भाजलेलं सपाट. त्याआधी त्याची गाडी ठरायला हवी.

जाता जाता दारात थांबला. हळूच म्हणाला, "यंदा झुवैनाला नेणार आहे. मागे बसवून. कबूल केलंय तिला."

तांड्यात आजवर कोणाची बायको आलेली नाही. मी म्हटलं, "वा!" आणि काय म्हणणार?

रविवार, २४ जून

घला भागातल्या दुकानात जाऊन आलो. मुंधिर, झुवैना, माझी बायको वासंती आणि मी. थाट सगळा मुलगी बघायला गेल्याचा! दुकानदाराने चहा-बिस्किटंही दिली.

पहिली चांदीरंगी. पुढे छातीएवढं कवच, त्यावर उंच काच, गुडघ्यांना आडोसा, दोन्ही अंगांना पेट्या, मागे टेकायला उशी. दुसरी लालभडक. अंगावर चिंधी नाही. इंजिन उघडं, नळ्या उघड्या, पुढे एक गोल दिवा डोळा वटारून बसलेला. मागची सीट म्हणजे दुकानदाराने नुसतं तोंडाने सांगायचं. मी जागच्या जागी बारसं उरकलं. पहिली सालंकृता, दुसरी दिगंबरा. वासंतीला हसू आलं. झुवैनाला अर्थ सांगावा लागला.

ती म्हणाली, "म्हणजे एक लग्नाची आणि एक पळून जायची."

मग ती अबाया सावरून सालंकृतेच्या मागच्या सीटवर चढून बसलीच. पाठ टेकली. मुंधिरच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "इथून मी बोलत राहीन. तुला झोप यायची नाही."

"तू बोललीस की मला कधी झोप आलीय?"

"लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली. रोज येते."

दुकानदारासकट सगळे हसले.

बुधवार, २७ जून

सालंकृता नक्की! झुवैनाने हेल्मेटही आणलं. वासंतीला दाखवायला घेऊन आली आणि आमच्या बैठकीत डोक्यावर घालूनच चहा प्यायली. मुंधिर शनिवारी कागद करणार.

शुक्रवार, २९ जून

पहाटे बरका गावच्या पेट्रोलपंपावर जमलो. बातमी आमच्या आधी पोचली होती.

अबू कैस तांड्याचा म्होरक्या. लग्नाचे तंबू भाड्याने देतो. त्यामुळे चार माणसं दिसली की त्यांच्यावर आपलं छत आहे असं त्याला वाटतं. मुंधिरला पाहताच हात पसरून म्हणाला, "या शेख! दिवाणखाना घेतलात म्हणे?"

"पडदे कुठल्या रंगाचे लावणार?" एक.

"पुढे कवच, मागे बायको. मग चालवणार कोण?" दुसरा.

मुंधिरही हसत होता. टपरीचा चहा हातात घेऊन गरिबासारखा समजावत होता. ऊन फार, वारा तोंडावर येतो, वय झालं. अबू कैस म्हणाला, "आडवा वारा सुटला की ते कवच म्हणजे जहाजाचं शीड. उचलून वाळूत टाकेल."

"मागे माणूस असलं की गाडी जड राहते," मुंधिर म्हणाला. "हलत नाही."

"मागे?" अबू कैसने खजुराची बी बोटाने उडवली. "भावा, ज्याच्या मागे कोणीच नाही, त्याला मागची सीट कशाला?"

या तांड्यात प्रत्येकजण अबू कोणीतरी आहे. अबू म्हणजे बाप, मुलाच्या नावाने हाक. मला मूल असून मी उस्ताद, म्हणजे मास्तर, ते परकेपणाचं कौतुक. मुंधिर नुसता मुंधिर. इतक्या वर्षांत त्याला कोणी 'अबू' म्हणून काही जोडलं नाही आणि त्यानेही कधी मागितलं नाही.

दोघे-तिघे मोठ्याने हसले. बाकीच्यांनी गाड्या सुरू केल्या. मुंधिर हसला का? ते पाहायचं राहिलं. मी कपात बघत होतो. कपात काही नव्हतं.

शनिवार, ३० जून

कागद झाले नाहीत.

रविवार, १ जुलै

मुंधिर एकटाच आला. वासंतीने सरबत दिलं तेही तसंच राहिलं. "खरं सांग उस्ताद. तुझी गाडी अर्ध्या काचेची. तुला दोन्हीकडचं कळतं."

हेच तर संकट! अर्धी काच असल्यामुळे दोन्ही पक्ष मला आपला समजतात. मी दोन्ही बाजू मांडल्या. कवचाआड वारा नाही, मान दुखत नाही, पण इंजिनची धग गुडघ्याशी साचते, आडव्या वाऱ्यात हँडल ओढतं, आणि पडली तर निम्मी किंमत कवचातच फुटते. बिनकवचाची हलकी, हातात राहते, रस्ता सगळा दिसतो, पण शंभराच्या पुढे वारा छातीवर हात ठेवून मागे लोटत राहतो आणि सगळा भार दंडांवर येतो.

"मग?"

"मग ज्याची त्याची आवड."

तो टोपी घालून उठला. तटस्थ म्हणजे काठावर उभा असलेला. पाठशाळेत ही व्युत्पत्ती सांगून मी शाबासकी मिळवली होती. पाण्यात कोण आहे ते काही त्या शब्दात येत नाही.

गुरुवार, ५ जुलै

पहाटे मुंधिर दुकानातून दिगंबरा मागून घेऊन कुरय्यातच्या घाटात जाऊन आला. सूर्य वर यायच्या आत परत. चेहरा विशीतल्या पोरासारखा! "वल्ला, उस्ताद, उडत होतो! वारा शर्टात शिरत होता."

पहाटेच्या वाऱ्याला कोण नाव ठेवील? मी म्हणणार होतो की एकदा भर दुपारी ने. वासंतीने हाक मारली आणि राहिलं.

शनिवार, ७ जुलै

लाल घेतली.

संध्याकाळी त्यांच्याकडे जेवायला बोलावलं होतं. आधीच ठरलेलं, मोडता येईना. भात, वाळवलेला मासा, नारळाच्या दुधातली भाजी. झुवैनाच्या माहेरचं झांजिबारी जेवण, एरवी मी दोनदा वाढून घेतो. आज सगळे आपापल्या ताटाला लाजत होते.

झुवैनाच बोलली, वासंतीकडे बघत. "याला मी आधीच म्हटलं होतं. केस वाळवायचं यंत्र घे, तोंडासमोर धर आणि नऊ तास बस. तेवढंच करायचं असेल तर घरी कर, पेट्रोल वाचेल."

मुंधिर म्हणाला, "पुढच्या वर्षी नेईन."

"कशावर? त्या तळहाताएवढ्या सीटवर?"

"सगळ्यांच्या रांगेत एकच बायको. तुलाच बरं वाटलं नसतं."

"मला काय वाटलं असतं ते तू मला विचारलंस का त्या पेट्रोलपंपाला?"

मुंधिरने भात कालवला. मग अगदी शांतपणे, सुरी ठेवावी तसं म्हणाला, "मागे मूल असतं तर गोष्ट वेगळी होती."

वासंतीचा हात माझ्या गुडघ्यावर आला आणि घट्ट झाला. झुवैना उठली, मासा वाढायला घेतला. सगळ्यांना वाढला. त्यालाही. म्हणाली, "खा. काटा बघून खा."

 घरी पोचून गाडीतून उतरताना वासंती म्हणाली, "तुम्ही पुरुष."

मी अनेकवचनावर हरकत घेतली नाही.

मंगळवार, १० जुलै

झुवैनाने हेल्मेट दुकानात परत केलं. दुकानदाराने घेतलं म्हणे, वापरलेलं नव्हतं.

शुक्रवार, १३ जुलै

लाल गाडीचं स्वागत! अबू कैसने मुंधिरला मिठी मारली, पाठ थोपटली. "हा आमचा सिंह. छाती उघडी!" आणि सर्वांसमोर जाहीर केलं की सलालाच्या वाटेवर मुंधिर म्होरक्याच्या लगेच मागे चालेल. दुसऱ्या क्रमांकावर! दहा वर्षं तो मधल्या गर्दीत होता.

परतताना ऊन चढलं. सावलीत बेचाळीस असेल. थांब्यावर मुंधिर मान चोळत होता. मी बघितलंय हे बघून हात खाली घेतला.

"कसं काय?" मी.

"मस्त. घामसुद्धा येत नाही."

घाम येतो. वारा तो अंगावर टिकू देत नाही, इतकंच. हे त्याला सांगितलं. तो म्हणाला, "उस्ताद, आता नको ना."

बुधवार, १८ जुलै

उद्या निघायचं. मुंधिरच्या अंगणात लाल गाडी पुसून उभी. झुवैना खाली आलीच नाही. वासंतीने फोन केला तर म्हणाली, डबा भरून ठेवलाय, चार दिवस घरात शांतता, बरंच आहे.

गुरुवार, १९ जुलै, हैमा

दवाखान्याच्या ओट्यावर बसून लिहितोय. उन्हं उतरली. लिहिलं नाही तर काय करू?

पहाटे निघालो, बाराजण. पुढे अबू कैस, मग मुंधिर, सगळ्यात मागे मुसल्लम. मुसल्लम याच वाळवंटातला, बोलायला कमी. गेली सहा वर्षं शेवटचा तोच. नेम असा की शेवटच्याने कोणालाही मागे सोडायचं नाही. तो पोचला म्हणजे सगळे पोचले.

अदमपर्यंत झकास. त्यानंतर तो वारा. गरम म्हणायलासुद्धा लाज वाटावी असा. भाकरी फिरवताना तव्यावरून तोंडावर येतो तसा, फक्त तवा संपत नाही. माझ्या अर्ध्या काचेखाली मान घालून मी तो सहन केला. मुंधिर पुढे लालवर, वाऱ्यात ताठ. ताठ बसायलाच लागतं त्या गाडीवर. वाटेत पेट्रोल भरलं तेव्हा त्याचे ओठ पांढरे. पाणी दिलं, दोन घोट प्याला. अबू कैस म्हणाला, "काय सिंह? उतरवू का दुसऱ्या नंबरवरून?" मुंधिर सगळ्यांच्या आधी गाडीवर जाऊन बसला.

पुढे त्या सरळ रस्त्यावर रांग विस्कटते. जो तो आपल्या वेगाने. मुंधिर हळूहळू मागे पडत गेला. हात हलवून एकेकाला पुढे काढत होता. मलाही काढलं. मी गेलो.

हैमात मुसल्लमच्या काकाचं घर, सुहैलचं. दरवर्षीचा मुक्काम. कोणी हातपाय धुतंय, कोणी नमाजाला, कोणी गालिच्यावर आडवं. कोण आलं कोण नाही याची मोजदाद कोणी करत नाही, ती मुसल्लमची. मुसल्लम आला. बूट काढले. आत येऊन सगळ्यांचे हात हातात घेतले, काकाच्या नाकाला नाक लावलं.

"काय खबर?" सुहैल.

"खबर काही नाही. सगळं खैर."

कहवा आला. या लोकांत पहिलं उत्तर हेच असतं. घरात मयत पडलेलं असलं तरी हेच. पाहुण्याने बसायचं, खजूर घ्यायचा, कहवा प्यायचा, मग यजमान पुन्हा विचारतो आणि तेव्हा खरी खबर. वीस वर्षं मला या रीतीचं फार कौतुक! दोन लेख लिहिलेत. आजही मी कौतुकानेच बघत होतो. मुसल्लमने पहिला पेला घेतला, दुसरा, तिसरा. मग पुरे म्हणून पेला हलवून परत दिला.

"आता सांग."

"मुंधिर मागे थांबलाय. म्हणाला, जरा बसतो, तू हो पुढे."

सगळ्यांचे हात खजुरावर थांबले.

अबू कैस ओरडला, "तू सोडून आलास? शेवटचा माणूस?"

"शपथ घातली त्याने." मुसल्लम जमिनीकडे बघत होता. "म्हणाला, दाईसारखा माझ्यापाशी उभा राहू नकोस. मला दाई लागली म्हणून ते अजून हसतील. माझी अब्रू राख आणि जा."

सुहैलची जीप घेऊन आम्ही मागे धावलो. जिथे सोडलं म्हणतो तिथे तो नव्हता. त्याच्या बराच अलीकडे, हैमाच्या बाजूलाच सापडला. म्हणजे उठून पुन्हा गाडी हाकली होती त्याने. गाडी वाळूत आडवी, इंजिन चालूच. तो शेजारी. अंग कोरडं ठाक आणि हात लावला तर चटका. मला म्हणाला, "झुवैना, काच वर कर."

इथला डॉक्टर म्हणतो, अजून काही सांगता येत नाही. डोक्यात गेलंय ऊन.

कहव्याला किती वेळ लागला असेल? फार नाही.

शुक्रवार, २० जुलै

गेला. मस्कतला न्यायच्या आधीच.

रविवार, २२ जुलै

मशिदीच्या दालनात दुखवट्याचा दुसरा दिवस. पुरुष रांगेने बसलेले, मी शेवटी. अबू कैस आल्यागेल्याला सांगतो, रडतो, पुन्हा सांगतो. "असा मर्द पाहिला नाही. आम्ही थांबलो, तो थांबला नाही. छातीवर वारा घेत गेला." लोक मान हलवतात. मुंधिरचा थोरला भाऊ त्याचे हात धरून आभार मानत होता, माझ्या भावाला तुम्ही इतका मान दिलात म्हणून.

मुसल्लम दाराशी उभा होता. आत यायला कोणी सांगितलं नाही. कहवा मात्र त्यालाही दिला. त्याने पेला हातात धरून ठेवला, प्याला नाही.

वासंती बायकांकडे जाऊन आली. झुवैना भिंतीला टेकून बसलीय. डोळे कोरडे. कोणाशी बोलत नाही.

शुक्रवार, २७ जुलै

पंपावर जमलो. जमलो! अबू कैसने दोन मिनिटं शांत उभं केलं, मग चहा.

मुसल्लमला कळवलंय की आता येऊ नकोस. शेवटचा म्हणून दुसरा नेमलाय. तो आज सगळ्यांच्या पुढे धावत होता, पण असो.

तिघांनी बिनकवचाच्या गाड्या बघितल्या. एकाने घेतलीसुद्धा, लाल. "मुंधिरची आठवण," म्हणाला. दुकानदाराने चांदीरंगी मागच्या गोदामात नेली म्हणे, हल्ली तिला कोणी विचारत नाही.

अबू कैसने मला बाजूला घेतलं. "उस्ताद, तुझ्याकडे शब्द आहेत. लिही त्याच्यावर. छापून आण." घरी येऊन लिहिलं. 'वाऱ्याला सामोरा गेलेला' वगैरे. एकही वाक्य खोटं नाही आणि सगळं मिळून खोटं. असं लिहायला फार व्याकरण यावं लागतं.

वासंतीने वाचलं. कागद घडी करून परत दिला. "हे झुवैनाला दाखवू नका."

"का? चांगलं म्हटलंय."

"म्हणून."

सोमवार, ३० जुलै

छापून आलं. अबू कैसने चौकट करून पंपावर लावायचं ठरवलंय.

मला राहून राहून एकच सुचतं. त्याला थोडं बरं वाटलं असणार, म्हणून उठला. आमची टिंगल आठवली असणार, म्हणून निघाला. अबू कैस, मुसल्लमची रीत, माझी अर्धी काच. दोष आम्ही आपसात बरा वाटून घेतलाय. कोणालाच जड होत नाही.

गुरुवार, २ ऑगस्ट

वासंती झुवैनाकडून आली. बूट न काढताच बसली. झुवैना आज पहिल्यांदा बोलली म्हणे. त्या दुपारी रस्त्याकडेला बसून मुंधिरने तिला फोन केला होता. अंग भाजतंय, इथूनच परत फिरतो, आल्यावर ती दुसरी घेऊ, तुला बसवून नेतो.

ती म्हणाली होती, "येऊ नकोस. लोक हसतील."